बापाच्या नावाचा रकाना

आनंदाबाईला उभ्या जन्मात एकच गोष्ट हवी होती आणि ती मागायची तिला लाज वाटायची. केळझरला तिच्या बापाच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, तिथे तिला एकदा लेक म्हणून जेवायचं होतं. पाहुणी म्हणून नाही, कोणाची ओळखीची म्हणून नाही. पहिल्या पंगतीत, पाटावर, ओटीत खण-नारळ घेऊन. वयाची पंचाहत्तरी उलटून गेली तरी ते बोलावणं आलं नव्हतं.

कारण साधं होतं आणि घाणेरडं होतं. आनंदाबाईचा बाप चिंधू मोठ्या दुष्काळात कामठीच्या छावणीत घोड्यांची चाकरी करायला गेला. छावणीचे घोडे तेव्हा ऑस्ट्रेलियातून जहाजानं यायचे, आणि परत जाणाऱ्या जहाजाबरोबर घोडे सांभाळणारा एखादा मोतद्दारही जायचा. तसा चिंधू गेला. गेला तेव्हा लग्न झालेलं होतं, मूलबाळ नव्हतं. बायको यशोदा माहेरी झडशीला जाऊन राहिली. आणि पाच-सहा वर्षांनी यशोदेला मुलगी झाली. नवरा समुद्रापार आणि बायको बाळंत, एवढ्या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या की तिसरी गोष्ट लोक आपल्या मनानं तयार करतात. त्यासाठी शाळेत जावं लागत नाही.

यशोदाबाई मरेस्तोवर लेकीला एकच सांगत राहिली, "तुहा बाप आलता, आनंदे. आंधी केयझरले गेलता. भावानं उंबऱ्याच्या आत येऊ देल्लं नाई, म्हने समुद्र ओलांडून आला, पह्यले प्रायश्चित्त घे. मंग आला झडशीले. सहा महिने राह्यला. त्याले खाली बसता ये नाई, पतलून घातलेली."

ही पतलून आनंदाबाईला फार आवडायची. खोटंच सांगायचं असतं तर आईनं धोतर सांगितलं असतं.

पण केळझरच्या भावाचं म्हणणं शेवटपर्यंत ठाम होतं: चिंधू गेला तो गेला, परत आलाच नाही. झडशी ते केळझर बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट, पण यशोदेची गोष्ट ती वाट कधी चालून गेली नाही. ज्यांनी ती पतलून डोळ्यांनी पाहिली होती ते झडशीचे लोक एकेक करून गेले. राहिली आनंदाबाई, आणि तिची लेक कोकिळा.

कोकिळा वर्ध्याला लागून पिपरी मेघेत ब्लाउज-परकर शिवायची. नवरा पुलगावच्या डेपोत, घरी रविवारचा. आई तिच्याचकडे. शाळा सातवीपर्यंत झालेली, पुढचं सगळं शिक्षण पुड्यांच्या कागदांवर. किराणा आणला की ती आधी पुडीचा कागद वाचायची आणि मग साखर डब्यात ओतायची. त्यामुळे तिला जगातल्या पुष्कळ गोष्टी माहीत होत्या, पण अर्ध्या-अर्ध्या. कागद फाटला असेल तिथपर्यंत.

१९८३ च्या मे महिन्यात एका दुपारी दारात चंद्रभान उभा राहिला. चंद्रभान म्हणजे केळझरच्या घरचा आताचा कर्ता, चिंधूच्या त्याच भावाचा नातू. नात्यानं आनंदाबाई त्याची आत्या, पण त्या घरानं हा शब्द तिच्यासाठी कधी वापरला नव्हता.

"बसा ना," कोकिळा म्हणाली. सुई कापडात तशीच टोचून ठेवली.

"बसत नाई. एक चिठ्ठी आली बाहेरदेशातून." त्यानं टोपीखालून काढावा तसा हळूच एक जाड लिफाफा पिशवीतून काढला. "आठ दिस झाले. मास्तरनं थोडीशी वाचून देल्ली. माय म्हने चुलीत घाल."

"मंग घातली काऊन नाई?"

"गेलतो घालाले." चंद्रभान बसला. "आतमंधी एका कागदावर मानसाचा हात हाय. आख्खा पंजा. हात कसा जाळाव, कोकिळाबाई?"

इंग्रजी वाचायला दोन घरं सोडून वासुदेवराव होते. कचेरीच्या रेकॉर्ड-खोलीत तीस वर्षं काढून रिटायर झालेले. मोडी, बाळबोध, इंग्रजी, जे समोर येईल ते वाचणारे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून कागद ते नाकाला लावूनच वाचत, वास घेतल्यासारखे.

पत्र डोरीन पार्सन्स नावाच्या बाईचं होतं, 'चिंधूच्या घरच्यांना, केळझर' एवढ्या पत्त्यावर आलेलं. मेलबर्नपासून दूर कुठल्याशा गावात राहणारी. तिचा आजा हिंदुस्थानातून आलेला, गाडीवर कापड-चोपड घालून शेताशेतांवर विकणारा. तो तिच्या जन्माआधीच वारला. घरी त्याच्याबद्दल कोणी बोलायचं नाही. मग ही बाई आपल्या घराण्याचा माग काढायला बसली आणि त्यांच्याकडच्या इंग्रजी अमलातल्या सरकारी दफ्तरात शिरली. जहाजांच्या याद्या, फेरीवाल्यांचे परवाने. तिथे तिला एक कागद सापडला. गोरा नसलेला माणूस एकदा देशाबाहेर गेला की ते सरकार त्याला परत आत घेत नसे. घ्यायचं असेल तर आधी दाखला काढावा लागे. दाखल्यावर फोटो, आणि माणूस बदलू नये म्हणून डाव्या हाताचा पंजा शाईत बुडवून उठवलेला.

"नाव चिंधू," वासुदेवराव वाचत होते. "गाव केळझर, जिल्हा वर्धा. मेलबर्न सोडलं ९ जुलै १९०४. परत मेलबर्नला उतरला २१ मार्च १९०५. जाण्याचं कारण..." ते थांबले. कागद नाकापासून दूर नेला, पुन्हा जवळ आणला. "बायकोला भेटणे."

आनंदाबाई पाय पसरून भिंतीला टेकून बसली होती. तिनं पाय जवळ घेतले.

"आलता," ती म्हणाली.

"अजून आहे पुढे." वासुदेवराव जरा चाचरले. "तिकडे परत गेल्यावर त्यांनी... म्हणजे या डोरीनबाईची आजी तिकडचीच. एक मुलगी झाली, १९११ साली, तीच हिची आई. बाई लिहिते, दाखल्यावर 'विवाहित' असं वाचून मला धक्का बसला. त्यांना तिकडे मुलंबाळं असतील तर कळवा. मला राग येणार नाही, मला फक्त माहीत करून घ्यायचं आहे."

कोकिळानं आईकडे पाहिलं. दुसरी बायको! आता ही रडणार की शिव्या देणार?

"केली असन," आनंदाबाई म्हणाली. "तरना मानूस, एकटा काय करन. पन आलता ना? जुलैत निंगाला ना?" आणि मग हात पुढे करून, "फोटू दाखव."

फोटो झेरॉक्सचा, काळाकुट्ट. टोपी, मिशा आणि मधे अंधार. आनंदाबाईनं तो बराच वेळ धरून ठेवला.

"मले वाटलं उंच असन," ती म्हणाली.

कोकिळा मात्र बोटांवर मोजत होती. नऊ जुलैला निघाला, महिनाभर जहाज, म्हणजे ऑगस्टात इकडे. परतीचा महिना सोडला तर फेब्रुवारीपर्यंत इथेच. सहा महिने! आजी सहाच म्हणायची. आणि आईचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा, तान्ह्या पोळ्याचा. म्हणजे १९०५ चा ऑगस्ट-सप्टेंबर. नऊ महिने कुठल्याही सरकारात नऊच असतात.

"बरोबर जमते!" ती चंद्रभानला म्हणाली. "पाच सालची हाय माय. पाह्यजे तं पुरावा दाखवतो." आणि कौतुकानं पेटीतून रेशनकार्ड काढून तिनं त्याच्या हातात दिलं.

ही तिची चूक. रेशनकार्ड १९६९ सालचं. तेव्हा कारकुनानं वय विचारलं, आनंदाबाई म्हणाली, "लिहा न बावा तुमच्या मनानं," आणि त्यानं तिच्या पांढऱ्या केसांकडे बघून गोल आकडा लिहिला: साठ.

चंद्रभान हिशेबाला हळू होता पण पक्का होता. "एकोनसत्तरमंधी साठ," तो पुटपुटला. "म्हंजे जलम नऊ सालचा." त्यानं कार्ड परत दिलं. "चार वर्सं मांगं गेलता तो तवा."

"ते असंच लिवलेलं हाय, दादा! कारकुनानं—"

"मले समजते, कोकिळाबाई. पन माय म्हनन, त्यायच्याच कार्डावर हाय." जाताना तो उंबऱ्यात घुटमळला. "दुसरा कागद असन तं आना. मायले मी आयकवतो."

तो गेल्यावर आनंदाबाई म्हणाली, "तुले कोनं सांगतलतं कारड काढाले?"

"पुरावा म्हनून काढलं, माय."

"वा वा. वकीलच हाय माही पोरगी. विरुद्ध पार्टीची."

आठवड्याभरात वासुदेवराव डोळ्यांच्या ऑपरेशनला अमरावतीला लेकाकडे गेले. कोकिळाला वाट बघवेना. जन्माची नोंद कचेरीत असते एवढं तिला पुडीच्या कागदावरून माहीत होतं. तिनं स्वतःच अर्ज लिहिला, सुंदर अक्षरात, खाली रेघ मारून. मुलीचे नाव: आनंदा. गाव: झडशी. जन्म: तान्हा पोळा, १९०५. जूनमध्ये अर्ज दिला. जुलै संपता संपता उत्तर आलं, दीड ओळीचं: सदर नावाची नोंद दफ्तरात आढळून येत नाही.

तिनं तो कागद आईला वाचून दाखवला नाही. पण आनंदाबाईला वाचता येत नसलं तरी लेकीचं तोंड वाचता यायचं.

"नाई भेटली न?"

"नाई."

"मी हाओ पन दफ्तरात नाई." आनंदाबाईनं वाटीतले तांदूळ निवडायला घेतले. "जाऊ दे. कागदात नाव नाई म्हनून काय मी जलमलीच नाई?" पण त्या दिवशी तांदळातले खडे तसेच राहिले, आणि जेवताना दोघींच्या दातांखाली आले.

ऑगस्टच्या सुरुवातीला वासुदेवराव परतले, काळा गॉगल लावून, सिनेमातल्या खलनायकासारखे. डॉक्टरनं दीड महिना वाचायची मनाई केलेली, त्यामुळे चिडलेले. कोकिळानं उत्तर वाचून दाखवलं तसे ते आणखी चिडले.

"नाव? नाव कशाला लिहिलं तुम्ही?"

"अर्जात रकाना होता नावाचा."

"अर्ज आजचा आहे, बाई. बुक इंग्रजाच्या वेळचं आहे!" गॉगल कपाळावर सरकवून ते पुढे सरसावले. "कोतवाली बुक कसं लिहायचे माहीत आहे? गावच्या कोतवालाला स्वतःला अक्षर येत नसे. कोण जन्मलं, कोण मेलं, तो डोक्यात ठेवायचा. आठवड्याच्या ठरल्या दिवशी बुक बगलेत मारून ठाण्यात पायी जायचा. तिथला मुन्शी विचारणार, हा तोंडानं सांगणार, मुन्शी मोडीत लिहिणार. आता बारसं कितव्या दिवशी?"

"बाराव्या."

"आणि कोतवाल ठाण्यात पोचला आठव्याच्या आत. मग लेकराचं नाव येणार कुठून? नावच नसतं त्या बुकात! फक्त मुलगा नाहीतर मुलगी. आणि बापाचं नाव. आज आनंदा शोधणारा पोरगा जन्मभर शोधेल. बाप शोधावा लागतो."

कोकिळाच्या अंगावर काटा आला, आणि लगेच दुसराही आला. "आन् बापाच्या रकान्यात नाव नसन तं?"

वासुदेवरावांनी गॉगल पुन्हा डोळ्यांवर घेतला. "तर रिकामा असतो. नाहीतर दुसरं काही लिहिलेलं असतं. मी तीस वर्षांत दोन्ही पाहिलंय. म्हणून म्हणतो, आईला विचारा आधी."

विचारायला तिला दोन दिवस लागले. सध्या 'नोंद आढळत नाही' एवढंच होतं. ते वाईट होतं, पण त्यात अजून जागा होती. बुक उघडल्यावर ती जागा राहणार नव्हती. पतलूनही राहणार नाही कदाचित.

तिसऱ्या दिवशी आईच्या डोक्याला तेल लावता लावता ती बोलून गेली. रकाना रिकामा असू शकतो, हेही.

"मंग काय?" आनंदाबाई म्हणाली. "मी काय लग्नाची हाओ काय आता, सोयरीक मोडाले? जा, पाह्य." आणि मग डोकं तसंच खाली ठेवून म्हणाली, "मायीनं मले कधी खोटं नाई सांगतलं. गुळाचा खडा लपवला तरी सांगून लपवे."

आता अडचण अशी की जुनं बुक मोडीत, आणि मोडी वाचणाऱ्याचे डोळे बंद. वासुदेवराव म्हणाले, "मी सोबत येतो. ओळखीनं बुक काढून देतो. वाचायचं तुम्ही."

"मी? मले कुठं येते मोडी?"

"सगळी कशाला यायला पाहिजे? तुम्हाला चार शब्द पुरतात. मुलगी. चिंधू. केळझर. आणि वल्द, म्हणजे अमक्याचा मुलगा. आकडे बाळबोधासारखेच, आणि मुलगा, मयत ही वळणं मी जाता जाता सांगतो. चार शब्द ओळखायला आठ दिवस पुष्कळ झाले."

ते बोलत आणि ती शिवणाच्या खडूनं काळ्या कापडावर काढी. मोडीत आधी वरती एक लांब रेघ मारून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायचं.

"म्हंजे धावदोरा," कोकिळा म्हणाली.

"तीस वर्षांत हे मला सुचलं नाही," वासुदेवराव म्हणाले. "धावदोराच."

कोकिळानं आठ दिवस जे कापड हाती येईल त्यावर 'चिंधू' काढला. सुलोचनाबाईंचा ब्लाउज शिवून गेला तो अस्तरावर चिंधू घेऊनच. त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या. "कोकिळाबाई, हे आतमंधी काय लिवलं? करणी-बिरणी तं नाई ना?"

"आजा हाय माहा," कोकिळा म्हणाली. "धुतला का जाते."

रेकॉर्ड-खोलीत लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत होते. ओळखीचा चपराशी वासुदेवरावांच्या पाया पडला आणि तासाभरानं धूळ झटकत झडशीचं बुक घेऊन आला. कडा उंदरांनी खाल्लेल्या. वासुदेवराव स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर. पुस्तकाकडे बघायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड केलेलं.

"पाच साल काढा. ऑगस्ट संपता संपता. सापडलं?"

"सापडलं." पानावर सगळा धावदोराच धावदोरा. कुठे उसवलेला, कुठे शाईची गाठ बसलेली. कोकिळाला एकदम वाटलं, आपल्याला काहीच येत नाही. मग तिनं बोट ठेवलं आणि कपड्याची शिवण तपासावी तशी एकेक ओळ तपासत खाली आली. मुलगा. मुलगा. मयत. मुलगी.

"मुलगी हाय एक!"

"बाप?"

"बाप..." तिनं खडूची सगळी वळणं आठवली. "नाई. हा चिंधू नाई. वेगळा हाय."

"पुढे चला."

मुलगा. मयत. मयत. पुन्हा मुलगी. कोकिळानं बोट बाजूच्या रकान्यात नेलं आणि डोळे मिटून घेतले. वासुदेवरावांना दिसत नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. ते भिंतीलाच म्हणाले, "घाबरू नका. जे लिहिलंय ते अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीच लिहून झालंय."

तिनं डोळे उघडले. रकाना रिकामा नव्हता. पहिलं अक्षर तिच्या ओळखीचं होतं. सुलोचनाबाईंच्या अस्तरावरचंच. चिं. मग धू. त्याच्यापुढे वल्द, पुढचं तिला लागेना, आणि शेवटी, एखाद्या काजासारखं गोल वळण घेऊन, केळझर.

"चिंधू वल्द कोनी तरी, राह्यनार केयझर," ती म्हणाली.

"तारीख?"

"एकतीस ऑगस्ट."

"खबर देणार कोण? शेवटचा रकाना."

तिनं एकेक वळण तोंडानं सांगितलं, खडूनं हवेत काढत. वासुदेवराव जोडत गेले. "प... रे... प्रेमदास. प्रेमदास कोतवाल." त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. काळा गॉगल पुसून काय व्हायचं होतं, पण पुसला.

नक्कल हाती यायला पोळ्याचा आठवडा उजाडला. शिक्का मारलेली, बाळबोधात. आनंदाबाईनं ती तीनदा वाचून घेतली. बापाचं नाव तिला आधीपासूनच माहीत होतं. पण प्रेमदासचं नाव ऐकलं आणि तिचा चेहराच बदलला.

"प्रेमदास? अवं, तो बुढा! त्याच्या खांद्यावर बसून मी तान्हा पोळा पाह्यला. माहा लाकडी बैल त्यानंच धरून ठेवलता." तिचे डोळे भरून आले, आणि ती हसतही होती. "त्यानं सांगतलं ठान्यात?"

"त्यानंच. तू आठ दिसाची बी नसशील. पायी गेला असन बुक घेऊन, आन् मुन्शीनं इचारलं असन बाप कोन. आन् त्यानं साऱ्या ठान्यात मोठ्यानं सांगतलं, चिंधू. सहा महिने त्याच गावात पतलून पाह्यली होती ना त्यानं."

"मंग काय," आनंदाबाई म्हणाली. "प्रेमदास खोटं काऊन बोलन?"

दुसऱ्या दिवशी कोकिळा दोन्ही कागद घेऊन यष्टीनं केळझरला गेली. चंद्रभानची आई कौशल्याबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. वय आनंदाबाईच्याच बरोबरीचं, नजर सुईच्या नाकातून जाईल अशी. चंद्रभाननं आधी तिकडच्या सरकारचा कागद वाचला, मग इकडच्या सरकारचा. दोन्ही तारखा त्यानं बोटांवर धरल्या आणि आईपुढे महिने मोजले. मोजून झाल्यावर हात तसाच हवेत राहिला.

"म्हंजे माहे सासरे खोटं बोलत होते म्हन की," कौशल्याबाई म्हणाल्या.

"मी कुठं म्हनलं, मामी? कागद म्हनते."

"कागदाची जबान मोठी असते बाई." एक वात वळून झाली, दुसरी झाली. "मी नवी नवरी होती तवा सासूनं एकदा सांगतलतं. पहाटे एक जन उंबऱ्यात आलता म्हने, बूट घालून. मी इचारलं कोन. म्हने गप राह्य." तिसरी वात त्यांच्या बोटांत तुटली. "मी गप राह्यली. मले बी याच घरात राहाचं होतं."

कोकिळा उठली. त्या घरात चहा झाला नव्हता आणि तिला तो नकोच होता. ती पायरी उतरत असताना मागून आवाज आला.

"काय वो, तुही माय महालक्ष्म्यायची आंबील खाते का? का दात नाई?"

"चार हायेत, मामी."

"चार पुरतात आंबिलीले," कौशल्याबाई म्हणाल्या आणि पुन्हा वातींना लागल्या.

घरी येऊन कोकिळानं डोरीनबाईला पत्र लिहिलं. वासुदेवरावांनी तोंडी इंग्रजी सांगितलं, एकेक अक्षर करून. तुमच्या आईला एक बहीण आहे, मोठी. तुमच्या आजोबांनी बायकोला भेटायला जातो असं तुमच्या सरकारला सांगितलं होतं ते खरं होतं. खाली आनंदाबाईचा अंगठा घ्यायचा म्हणून वासुदेवरावांनी शाईचं पॅड आणलं. आनंदाबाई अंगठा पुढे करता करता थांबली.

"त्यायच्या सरकारले पंजा लागते ना?"

"आता नाही लागत, आजी. आता अंगठाही नको, नुसतं पत्र पुरतं."

"लागो नाई तं नको लागो. बाप पंजा देऊन आलता." तिनं डावा हात उघडून अख्खा पॅडवर दाबला आणि कागदावर ठेवला. कोकिळानं तो ठसा झेरॉक्सवरच्या ठशाशी लावून पाहिला. कुठे करंगळी वाकडी, कुठे रेघ सारखी, असं काही तरी दिसेल अशी तिला आशा होती. काही दिसलं नाही. हा रुंद, तो लांब. हातासारखे हात.

"माह्या मायीचा हात हाय हा," आनंदाबाई म्हणाली आणि राखेनं शाई घासायला नळावर गेली. शाई पुढचे चार दिवस गेली नाही.

म्हणून महालक्ष्म्यांच्या सकाळी चंद्रभान दारात आला तेव्हा तिचा एक हात निळाच होता. त्यानं नवी टोपी घातली होती. कोकिळाकडे न बघता तो सरळ आत आला आणि भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीपुढे वाकला.

"आत्या," तो म्हणाला. पहिल्यांदा उच्चारलेला शब्द जरा पुसट आला, म्हणून पुन्हा म्हणाला. "आत्या, न्यायले आलो. चाल."

आनंदाबाईनं लगेच न उठण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. लेकीनं न्यायला आलेल्याला जरा ताटकळवायचं असतं. पण लुगडं सकाळीच नेसून झालं होतं, आणि पिशवीही भरलेली होती, ते चंद्रभानला दिसलंच.

केळझरला पहिली पंगत बसली. मखरात दोघी महालक्ष्म्या नटून उभ्या, समोर सोळा भाज्यांचा वास. कौशल्याबाईंनी स्वतः पाट मांडला, ओटी भरली. खण हिरवा होता. निळ्या हातानं आनंदाबाईनं तो पदरात घेतला, आणि बाजूला बसलेल्या कोकिळाला वाटलं, आता ही रडणार. सगळ्या बायकांनाही तसंच वाटलं असावं, कारण पंगत जरा थांबली.

आनंदाबाईनं आंबिलीचा पहिला घोट घेतला. तोंडात घोळवला. गिळला.

"वैनी," ती म्हणाली, "आंबट झाली. ज्वारी एक दिस जास्त भिजवली तुमी."

एक सून दचकली. कोकिळानं डोळे मिटले. कौशल्याबाई हातात पळी घेऊन उभ्याच राहिल्या, आणि मग त्यांच्या सुरकुत्यांत कुठेतरी काही तरी हललं.

"आली बाई नणंद," त्या पंगतीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "घरात पाय टाकला नाई तं नावं ठेवाले लागली. घ्या अजून, घ्या. पुढच्या साली तुमीच भिजवजा."

"भिजवीन," आनंदाबाई म्हणाली, आणि वाटी पुढे केली.